एक जंतू, भिन्न देह : वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्य आणि साहाय्यक टी पेशींतील भिन्नतेच्या शोधाचा इतिहास

सारांश

कुष्ठरोगाचा जंतू एकच असताना एका व्यक्तीच्या अंगावर केवळ एक बधिर चट्टा उठतो, दुसऱ्याचा देह विद्रूप होतो आणि बहुसंख्य माणसांना काहीच होत नाही. या भिन्नतेचे कारण समाजाने प्रथम पापात, नंतर वंशात व त्यानंतर संसर्गात शोधले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शोध शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेपर्यंत, तेथून साहाय्यक टी पेशींपर्यंत आणि अखेरीस एकेका पेशीतील जनुकांच्या कार्यापर्यंत पोहोचला. प्रस्तुत शोधनिबंधात या वैज्ञानिक प्रवासाची मांडणी वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्याच्या संदर्भात केली आहे. समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी निर्णय देता येत नाही, हा धडा सेवाकार्य व प्रयोगशाळा या दोन्ही क्षेत्रांना स्वतंत्रपणे शिकावा लागला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : कुष्ठरोग, वर्धा, दत्तपूर, घरोघर सर्वेक्षण, साहाय्यक टी पेशी, सायटोकाइन, जनुकीय अभिव्यक्ती

१. प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याचा आधुनिक इतिहास सामान्यतः स्वातंत्र्यचळवळ, सेवाग्राम आश्रम, ग्रामोद्योग व नयी तालीम यांच्या संदर्भात लिहिला जातो. या जिल्ह्याची आणखी एक ओळख तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. भारतातील कुष्ठनिवारणाच्या अनेक महत्त्वाच्या पद्धतींची पायाभरणी याच भूमीवर झाली. महारोग, रक्तपिती अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या व्याधीने ग्रस्त झालेल्या माणसाला गावाबाहेर काढण्याची रूढी असताना येथे त्याला घरात, आश्रमात व समाजात स्थान देण्याचे प्रयत्न झाले.

या प्रयत्नांच्या मुळाशी एक प्रश्न होता. हा रोग कोणाला होतो आणि का होतो? एकाच घरात राहणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या माणसांपैकी एकालाच तो का होतो? या प्रश्नाचे जे उत्तर समाज स्वीकारतो, त्यावर रुग्णाचे जगणे अवलंबून असते. उत्तर 'पाप' असेल तर रुग्ण अपराधी ठरतो, 'वंश' असेल तर त्याचे संपूर्ण कुटुंब बहिष्कृत होते आणि केवळ 'संसर्ग' असेल तर तो सर्वांचा शत्रू ठरतो. म्हणूनच या उत्तराचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) कुष्ठरोगातील व्यक्तिगत भिन्नतेच्या स्पष्टीकरणांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
(२) या संदर्भात वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
(३) साहाय्यक टी पेशींतील भिन्नतेचा शोध व त्याचा सामाजिक अर्थ यांची चिकित्सा करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साहित्याचा आधार घेतला आहे. वर्ध्यातील कार्यामुळे पेशीविज्ञानातील शोध लागले, असा दावा येथे केलेला नाही. दोन स्वतंत्र प्रवाह एकाच प्रश्नाला कसे भिडले, एवढेच तपासले आहे.

३. पाप, वंश आणि जंतू

नॉर्वेतील बर्गन येथील डॉ. गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोग्यांच्या ऊतींत विशिष्ट दंडाकार जंतू असल्याचे दाखवून दिले. तत्पूर्वी त्याच शहरातील नामवंत संशोधक डॅनियलसेन हे रोग आनुवंशिक असल्याचे मानत होते. त्यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतील द्रव्य स्वतःच्या शरीरात टोचून घेतले होते आणि त्यांना रोग झाला नाही. यावरून रोग संसर्गजन्य नाही, असा त्यांचा समज दृढ झाला. उलटपक्षी हवाई बेटांवर डॉ. एडुअर्ड आर्निंग यांनी १८८४ मध्ये केआनू नावाच्या देहदंडाच्या कैद्यास असेच द्रव्य टोचले व पुढे त्यास कुष्ठरोग झाला. मात्र त्याच्या नातलगांतही हा रोग असल्याचे आढळल्याने हा पुरावाही वादग्रस्त ठरला.

हे दोन्ही प्रयोग एकेका देहावर आधारलेले होते आणि त्यांतून सर्व मानवजातीसाठी नियम काढला गेला. प्रत्येक देहाचा प्रतिसाद वेगळा असू शकतो, ही शक्यता दोन्हीकडे गृहीत धरली गेली नाही. विशेष म्हणजे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९१४ मध्ये जन्मलेल्या बाबा आमटे यांनीही संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठजंतू टोचून घेतल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्यांनाही रोग झाला नाही. त्यांच्या धैर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु आजच्या ज्ञानानुसार ९५ टक्क्यांहून अधिक माणसांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. त्यामुळे हा परिणाम अपेक्षितच म्हणावा लागतो.

जंतूचा शोध लागला तरी भीती कमी झाली नाही. ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा केला. या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याचा व त्यांना ठरावीक व्यवसाय करण्यास मनाई करण्याचा अधिकार शासनाला दिला. रोगी किती संसर्गजन्य आहे, यापेक्षा तो किती गरीब आहे, हा या कायद्याचा निकष होता. हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला.

४. वर्धा : आश्रमापासून उंबरठ्यापर्यंत

विनोबा भावे यांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य सुरू केले. तोपर्यंत देशातील कुष्ठसेवा मुख्यत्वे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती होती. ती भारतीय कार्यकर्त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर उचलण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत दत्तपूरचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी महात्मा गांधी शेगाव, म्हणजे पुढील काळातील सेवाग्राम, येथे राहावयास आले.

१९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर अवस्थेत सेवाग्रामला आले. ते गांधीजींचे येरवडा कारागृहातील सहबंदी होते. आश्रमात इतरही माणसे राहत असल्याने संसर्गाचा प्रश्न खरा होता. गांधीजींनी आश्रमवासीयांना विश्वासात घेऊन शास्त्रींसाठी आपल्या निवासाजवळच कुटी उभारली आणि त्यांच्या अंगाला ते स्वहस्ते मालीश करू लागले. विधायक कार्यक्रमाच्या १९४५ च्या सुधारित आवृत्तीत कुष्ठरोग्यांच्या सेवेचा स्वतंत्र अंतर्भाव करण्यात आला. या घटनेचे नैतिक महत्त्व सर्वज्ञात आहे. शोधनिबंधाच्या दृष्टीने तिचा दुसराही अर्थ आहे. 'कुष्ठरोगी' नावाच्या समूहाविषयीच्या भीतीच्या जागी येथे नाव असलेला एक माणूस आला.

१९५१ मध्ये गांधी स्मारक निधीच्या प्रेरणेने गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले व वर्धा हे त्याचे केंद्र बनले. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री विकसित केली. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे व विशेषतः तोंडावाटे घेता येणारे डॅप्सोन उपलब्ध झाल्यामुळे रुग्णाला घरीच ठेवून उपचार करणे शक्य झाले होते. कार्यकर्ते गावोगावी व घरोघरी जाऊन प्रत्येक व्यक्तीची तपासणी करीत. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने याच धर्तीची कार्यपद्धती स्वीकारली.

घरोघर सर्वेक्षणाचे ज्ञानात्मक महत्त्व येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. कुष्ठाश्रमाच्या दारात येणारा रुग्ण बहुधा बोटे झडलेला व चेहरा विद्रूप झालेला असे. त्यामुळे रोगाचे तेच रूप समाजमनात ठसले. सर्वेक्षणात मात्र पाठीवर एखादा फिकट, बधिर चट्टा असलेली शाळकरी मुले, गृहिणी व शेतमजूर समोर येतात. त्यांच्यापैकी अनेकांना आपण रुग्ण आहोत याची कल्पनाही नसते. आश्रमाने रोगाचे एक टोक दाखविले, तर सर्वेक्षणाने त्याचा संपूर्ण विस्तार दृष्टिपथात आणला.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी अनेक औषधे एकत्र देण्याची बहुविध औषधोपचार पद्धती देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम राबविण्यात आली, त्यांत वर्ध्याचा समावेश होता.

५. रोगाचा वर्णपट

या विस्ताराला शास्त्रीय चौकट मिळण्यास बराच काळ लागला. जपानमधील केन्सुके मित्सुदा यांनी १९१९ मध्ये एक त्वचाचाचणी मांडली. उष्णतेने मृत केलेल्या कुष्ठजंतूंचे द्रव्य त्वचेत टोचल्यावर सौम्य रोग असलेल्यांच्या त्वचेवर काही आठवड्यांनी गाठ येते, तर तीव्र व सर्वांगावर पसरलेला रोग असलेल्यांच्या त्वचेवर काहीच प्रतिक्रिया होत नाही, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की ज्याचे शरीर जंतूला ओळखून प्रतिक्रिया देते, त्याचा रोग सीमित राहतो.

१९६६ मध्ये रिडले व जॉपलिंग यांनी या निरीक्षणाच्या आधारे कुष्ठरोगाची पाच प्रकारांत विभागणी केली. एका टोकाला क्षयगाठीसदृश प्रकार असतो. त्यात चट्टे मोजके असतात व जंतू जवळजवळ सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला ग्रंथिल प्रकार असतो व त्यात त्वचेच्या अल्पशा भागातही जंतूंची दाटी दिसते. या दोहोंच्या दरम्यान तीन सीमावर्ती प्रकार येतात.

हा भेद जंतूंच्या भिन्न जातींमुळे होत असावा, अशी शंका घेता येण्याजोगी होती. परंतु २००१ मध्ये कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच्या तुलनात्मक अभ्यासात जगभरातील कुष्ठजंतू परस्परांशी विलक्षण सारखे असल्याचे दिसून आले. त्यामुळे भिन्नतेचे मुख्य मूळ जंतूत नसून देहात आहे, हा निष्कर्ष अधिक बळकट झाला.

६. साहाय्यक टी पेशी आणि दोन गटांचा सिद्धान्त

देहातील ही भिन्नता कोठे वसते? कुष्ठजंतू महाभक्षी पेशींच्या आत दडून राहतो. रक्तातील प्रतिपिंडे तेथे पोहोचू शकत नाहीत. ग्रंथिल प्रकारच्या रुग्णांत प्रतिपिंडे विपुल असूनही रोग आटोक्यात येत नाही, त्याचे हे एक कारण आहे. महाभक्षी पेशीला आतील जंतू मारण्याची आज्ञा साहाय्यक टी पेशींकडून मिळते. या पेशी स्वतः जंतू मारत नाहीत, तर सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने स्रवून इतर पेशींना कामास लावतात.

१९८६ मध्ये अमेरिकेतील टिमोथी मोसमन व रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या साहाय्यक टी पेशींचे दोन गट असल्याचे दाखविले. पहिला गट इंटरफेरॉन-गॅमा व इंटरल्युकिन-२ स्रवतो आणि महाभक्षी पेशींना चेतवतो. दुसरा गट इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-५ यांसारखी द्रव्ये स्रवतो आणि त्याचा कल प्रतिपिंडनिर्मितीकडे असतो. हे गट एकमेकांना दडपतात.

मानवात या सिद्धान्ताची कसोटी पाहण्यासाठी कुष्ठरोगासारखा दुसरा आजार नव्हता, कारण निसर्गानेच येथे दोन टोके समोरासमोर मांडली होती. १९९१ मध्ये यामामुरा, मॉडलिन, ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या त्वचेच्या तुकड्यांतील सायटोकाइन जनुकांचे संदेश मोजले. सौम्य प्रकारच्या चट्ट्यांत इंटरफेरॉन-गॅमा व इंटरल्युकिन-२ यांचे, तर ग्रंथिल प्रकारात इंटरल्युकिन-४, ५ व १० यांचे संदेश प्रामुख्याने आढळले. शतकभर अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला जणू नेमके उत्तर मिळाले.

७. सरासरीच्या आड

या उत्तरात एक त्रुटी होती. त्वचेचा तुकडा कुटून मोजमाप केले की त्यातील हजारो पेशींची सरासरी हाती येते. सर्व पेशी थोडे थोडे द्रव्य निर्माण करतात की मोजक्याच पेशी पुष्कळ निर्माण करतात व उरलेल्या स्वस्थ असतात, हे त्या संख्येवरून कळत नाही.

भारतातील संशोधनानेही या सोप्या चित्राविषयी प्रश्न उपस्थित केले. दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंदिरा नाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कुष्ठरुग्णांच्या रक्तातील टी पेशींचा अभ्यास केला. काही रुग्णांत अपेक्षित ध्रुवीकरण आढळले, परंतु इतर अनेकांत दोन्ही गटांच्या सायटोकाइनांचे मिश्र चित्र दिसले.

याच दशकात एकेका पेशीचे निरीक्षण करण्याची तंत्रे विकसित झाली. पेशीतून सायटोकाइन बाहेर पडण्याचा मार्ग रसायनाने रोखावा, आत साचलेल्या प्रथिनाला चकाकणारे रंगद्रव्य जोडावे आणि लेसर किरणासमोरून पेशी एकापाठोपाठ एक सोडाव्यात, अशी ही रीत होती. तिच्यामुळे पूर्णतः एकाच गटाची समजली जाणारी पेशीसंख्याही आतून एकसारखी नसते, हे उघड झाले. एका क्षणी काही पेशी एखादे सायटोकाइन निर्माण करीत असतात, तर काही करीत नाहीत. एकाच पेशीच्या संततीतही असा फरक आढळतो. ऑस्ट्रेलियातील संशोधिका ॲन केल्सो यांनी १९९५ मध्ये अशा पुराव्यांच्या आधारे दोन गटांच्या सिद्धान्ताच्या मर्यादा स्पष्टपणे मांडल्या.

१९९८ मध्ये बिक्स व लॉक्सली यांनी याहून सूक्ष्म पातळीवरील भिन्नता दाखविली. प्रत्येक पेशीत इंटरल्युकिन-४ च्या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांपैकी एक मातेकडून व एक पित्याकडून आलेली असते. उंदरांच्या टी पेशींत या दोन प्रती परस्परांवर अवलंबून न राहता कार्यान्वित होतात, असे त्यांना आढळले. काही पेशींत केवळ मातेकडील, काहींत केवळ पित्याकडील, तर काहींत दोन्ही प्रती कार्यरत होत्या. जनुक उपलब्ध असणे आणि ते व्यक्त होणे या भिन्न गोष्टी आहेत व दुसरीत संभाव्यतेचा वाटा असतो, हे यातून स्पष्ट झाले.

२०२१ मध्ये मॉडलिन यांच्या गटाने कुष्ठरुग्णांच्या त्वचेतील एकेका पेशीतील जनुकसंदेशांचे वाचन प्रसिद्ध केले. चट्ट्यामध्ये कोणती पेशी कोठे आहे आणि ती कोणत्या शेजारी पेशीला कोणता संदेश देते, याचा नकाशा त्यातून तयार झाला. जंतूंचा प्रतिकार हे दोन गटांतील द्वंद्व नसून अनेक प्रकारच्या पेशींचे जाळे आहे, असे हे चित्र आहे.

८. चर्चा

वरील इतिहासातून तीन मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा वर्गीकरणाचा आहे. दोन गटांचा सिद्धान्त चुकीचा नव्हता. त्याने प्रश्नाला दिशा दिली व मध्यभागातील गुंतागुंत झाकली. कुष्ठनिवारणाच्या प्रत्यक्ष कार्यातही असेच घडले. अल्पजंतू व बहुजंतू असे दोनच वर्ग मानून चट्टे मोजण्याची पद्धत ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांना अत्यंत सोयीची ठरली. परंतु सीमावर्ती प्रकारांतील रुग्णांची प्रकृती स्थिर नसते. उपचारादरम्यान किंवा उपचारानंतरही त्यांच्या प्रतिकारशक्तीत एकाएकी बदल होऊन मज्जातंतूंना सूज येते आणि वेळीच लक्ष न दिल्यास हातपाय कायमचे निकामी होतात. सोयीचे वर्ग कामासाठी वापरताना त्यांना वास्तव समजणे धोक्याचे असते.

दुसरा मुद्दा सरासरीचा आहे. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, या निकषानुसार डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर करण्यात आले. ती निःसंशय मोठी कामगिरी होती. तथापि २०२२ मध्ये जगभरात नोंदल्या गेलेल्या सुमारे १ लाख ७४ हजार नव्या रुग्णांपैकी १ लाख ३ हजारांहून अधिक भारतातील होते. कुटलेल्या त्वचेतील सरासरीमुळे जशी एकटी पेशी दिसेनाशी होते, तसेच देशाच्या सरासरीआड एखादे गाव व त्या गावातील रुग्ण नजरेआड होऊ शकतो. वारदेकरांच्या काळातील घरोघर तपासणीचे मोल येथे पुन्हा जाणवते.

तिसरा मुद्दा दोषारोपाचा आहे. रोगाचे कारण देहाच्या प्रतिसादात आहे असे म्हटले की 'दोष त्याच्याच शरीराचा' असा जुनाच निवाडा नव्या शब्दांत अवतरण्याची भीती असते. पेशीविज्ञानाचा पुरावा या निवाड्याला पाठबळ देत नाही. एका पेशीत जनुकाची कोणती प्रत कार्यान्वित होईल यात संभाव्यतेचा भाग आहे. अर्थात लक्षावधी पेशींच्या समूहात असे योगायोग एकमेकांना छेद देतात, म्हणून केवळ त्यांच्यावरून रुग्णाचा रोगप्रकार ठरत नाही. प्रारंभी कोणते सायटोकाइन प्रबळ होते, ते पुढील पेशींना कोणत्या दिशेने वळवते आणि रोगसंवेदनशीलतेशी निगडित जनुके कोणती आहेत, या सर्वांचा त्यात सहभाग असतो. यांपैकी कोणतीही गोष्ट माणसाच्या वर्तनाचे फळ नाही. ज्याला रोग झाला नाही त्याचे ते पुण्य नव्हे आणि ज्याला झाला त्याचे ते पाप नव्हे.

समाजाला हे उमगण्यास किती विलंब लागतो, याची साक्ष कायदा देतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या वैयक्तिक कायद्यांतील तरतुदी २०१९ मध्ये वगळण्यात आल्या. तोपर्यंत बहुविध औषधोपचाराने रोग बरा होऊ लागल्याला जवळजवळ चार दशके उलटली होती.

९. निष्कर्ष

(१) कुष्ठरोगातील व्यक्तिगत भिन्नतेचे स्पष्टीकरण पाप, वंश व संसर्ग या टप्प्यांतून जात प्रतिकारव्यवस्थेपर्यंत आले. प्रत्येक टप्प्यावरील स्पष्टीकरणाने रुग्णाचे समाजातील स्थान ठरविले.

(२) वर्धा जिल्ह्यातील कार्याने रुग्णाला समूहातून व्यक्ती म्हणून वेगळे काढले. दत्तपूर व सेवाग्राम येथे हे सेवेच्या मार्गाने, तर गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानच्या कार्यात ते सर्वेक्षणाच्या मार्गाने घडले.

(३) साहाय्यक टी पेशींच्या अभ्यासाने दोन गटांच्या मांडणीपासून एकेका पेशीच्या निरीक्षणापर्यंत वाटचाल केली आणि सारखेपणाच्या गृहीतकाला मर्यादा घातल्या.

(४) ही भिन्नता नैतिक गुणदोषांची निदर्शक नाही. त्यामुळे तिचे ज्ञान कुष्ठरुग्णांवरील कलंक दूर करण्यासाठी लोकशिक्षणात उपयोगी पडू शकते.

परचुरे शास्त्रींच्या देहातील पेशी कोणते सायटोकाइन स्रवत होत्या, हे जाणून घेण्याचे साधन १९३९ मध्ये जगात कोठेही नव्हते. त्यांना स्पर्श करण्यासाठी त्या ज्ञानाची वाट पाहिली गेली नाही. आज ते ज्ञान हाती आले असताना स्पर्श टाळण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही.